सात अक्षरांचा ताळेबंद

शब्दकोडी सोडवणारी माणसे निरुपद्रवी असतात, असा एक समज आहे. तो साफ खोटा आहे. मी वीस वर्षे कोडी सोडवतो आहे आणि सध्या एका कोडेकाराविषयी माझ्या मनात जे विचार येतात, ते बँकेच्या नोकराला मुळीच शोभणारे नाहीत.

प्रकरण असे. आमच्या सावलीत येणाऱ्या एका पेपरात रोज सात अक्षरे छापतात. त्यांतून जमतील तेवढे शब्द करायचे. अक्षर पुन्हा वापरले तरी चालते. तिकडे 'न्यूयॉर्क टाइम्स'ही असाच खेळ चालवतो. २०१४ साली तो छापील अंकात आला, २०१८ पासून फोनवर आला. सात अक्षरे, मधले अक्षर सक्तीचे, शब्द निदान चार अक्षरी. आपल्याकडे काना-मात्रा अक्षराला चिकटूनच येतात. 'नी' मिळाली की ती 'नी'च. तिची 'ना' करायला गेलात तर अफरातफर!

परवाची अक्षरे होती : पा, नी, रा, का, डो, बां, धी. मी चहा थंड करून पाच शब्द काढले. पारा, काका, नीरा, कारा, बांका. पुढे गाडी हलेना. शेजारी माय तांदूळ निवडत होती. अक्षरे वाचून दाखवली तर मान वर न करता म्हणाली, "डोरा. पानी. बांधी." एकूण आठ. मी खूश!

दुसऱ्या दिवशी उत्तर आले : एकूण शब्द सात. माझे पाच होते, शिवाय 'राका' आणि 'धीरा'. मायचे तिन्ही गायब.

आता बँकेत दहा रुपयांचा फरक आला तरी आम्ही रात्री आठपर्यंत घरी जात नाही. इथे तर तीन शब्दांचा फरक! राका म्हणजे पौर्णिमेची रात्र आणि धीरा म्हणजे संस्कृत काव्यशास्त्रातली एक नायिका. असेल. पण वीस वर्षांत एकही धीरा माझ्या काऊंटरवर खाते उघडायला आलेली नाही. बांधी मात्र रोज येते. चारी बाजूंनी धुरे घातलेला धानाचा तुकडा म्हणजे बांधी. तिच्यात रोवणा होतो, त्या रोवण्यासाठी पीककर्ज निघते आणि त्या कर्जाची व्हाउचरे पास करून माझा पगार निघतो. 'कारा' तेवढा दोघांचाही बसला. पण त्यांचा कारा म्हणजे तुरुंग. आमचा कारा म्हणजे काळा. त्यांना तुरुंग ठाऊक आहे, आमचा बैल ठाऊक नाही.

कोडेकार म्हणेल, "साहेब, कुठेतरी रेघ ओढावीच लागते." कबूल. रेघ आम्हीही ओढतो, पण नियम भिंतीवर लावतो. शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली चौदा झाले, १९७२ साली आणखी चार आले. त्या अठरांत शब्द कसा लिहावा ते आहे; बांधी मराठी नाही, असे एकातही नाही.

खरे तर या खेळात आमच्याएवढे तरबेज कोणी नसावे. झाडीबोलीत ण, ळ, छ, श, ष ही पाच व्यंजनेच नाहीत. डोळ्याचा डोरा, पोळ्याचा पोरा, पाण्याचे पानी. पाच अक्षरे कमी घेऊन या मुलखाने धान पिकवला, लग्ने लावली, भांडणे केली, वडशाच्या नाटकमंडळ्यांच्या तालावर हिवाळ्यातल्या रात्री जागवल्या. मोजक्या अक्षरांत संसार करणे यालाच कोडे म्हणतात ना? डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी तर या बोलीचा शब्दकोशही केला. म्हणजे खातेही आहे आणि पासबुकही. तरी कोडेकार म्हणतो, शिल्लक शून्य!

तुम्ही म्हणाल, पेपरातल्या खेळावर एवढा संताप कशाला? सांगतो. आमच्या कन्येने वहीत 'पानी' लिहिले, त्याला शाळेत लाल गोल मिळाला. तो ठीकच होता. परीक्षा प्रमाण मराठीची असते. पण घरी येऊन तिने तोच लाल गोल आजीला दिला. "आजी, पाणी म्हण." तेव्हापासून पाहुणे आले की माय कमी बोलते. पाणी हवे असेल तर नुसता गडू दाखवते. एका अक्षरासाठी माणूस मुका होतो, तेव्हा त्याला खेळ म्हणवत नाही.

आणि हात कोडेकाराचेच मळलेले आहेत असेही नाही. "बांधीसाठी कर्ज पायजे जी," असे म्हणणाऱ्या किती म्हाताऱ्यांना मी खिडकीतून "म्हणजे शेतीसाठी ना?" असे ऐकवले असेल! ते बिचारे लगेच "हो जी, शेती" म्हणायचे. वीस वर्षे पगार घेऊन मीही फुकट लाल गोलच वाटत होतो.

मायला निकाल सांगितला. ती म्हणाली, "काहून? पेपरवाल्याले डोरे नाइत का?"

बँकेत ज्या रकमेचा पत्ता लागत नाही, ती सस्पेन्स खात्यात टाकतात. तिथे ती कायमची ठेवायची नसते. धनी सापडला की त्याच्या नावे जमा करायची असते. हे तीन शब्द आजवर सस्पेन्समध्ये पडून होते. धनी सापडला आहे, तो ओसरीवर तांदूळ निवडतो आहे. मी रीतसर एंट्री पास केली : एकूण शब्द दहा. खाली माझी सही, आणि शेजारी मायचा अंगठा. कन्येलाही साक्षीदार म्हणून सही करायला लावली आहे.

कोडेकाराने आता आपला ताळेबंद तपासावा.