कॅबिनेट बाहेरून नाही, आतून बघा
कॉम्प्युटर असेंबलिंगचा धंदा सुरू करणारे बरेच जण कॅबिनेट घेताना फक्त किंमत आणि लाइट बघतात. मी पण तेच केलं होतं. एका ऑर्डरसाठी छोटं, स्वस्त कॅबिनेट आणलं. मायक्रो-एटीएक्स मदरबोर्ड, म्हणजे 244 बाय 244 मिमी, आरामात बसला. पण ग्राफिक्स कार्ड हार्ड डिस्कच्या पिंजऱ्याला अडलं! पिंजरा रिव्हेटने ठोकलेला, काढताही येईना. शेवटी कॅबिनेट बदललं आणि त्या ऑर्डरचा नफा गेला.

माझं मत स्पष्ट आहे. छोटं कॅबिनेट वाईट नसतं, न मोजता घेतलेलं वाईट असतं. घेण्याआधी तीन मापं जुळवा: कार्डची लांबी, कूलरची उंची, एसएमपीएसची लांबी. मदरबोर्डच्या मागे वायरींना जागा आहे का, तेही बघा. नसेल तर सगळा गुंता पुढे येतो, हवा अडते आणि जोडणीला वेळ जातो. आणि तुमचा वेळ हा पण खर्चच आहे ना? तो कोटेशनमध्ये कुणी धरत नाही. म्हणून आधी मापं, मग भाव.