बाकावर बसणाऱ्याचा पगार

२०२४-२५ च्या हिवाळ्यातली गोष्ट. इटारसीच्या रनिंग रूममध्ये सकाळी सहा-साडेसहाच्या सुमारास आम्ही चहाची वाट पाहत बसलो होतो. भुसावळकडचा एक तरुण असिस्टंट लोको पायलट मोबाईलवर अमेरिकेतील बास्केटबॉलचा सामना बघत होता. आपल्याकडे पहाट होते तेव्हा न्यूयॉर्कला रात्रीचे सामने सुरू होतात, त्यामुळे रात्रपाळी करणाऱ्या मंडळींना हा खेळ सोयीचा पडतो. शेजारी एक जुने गार्ड बसले होते. हुद्दा बदलून आता त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण हाक अजून ‘गार्डकाका’ हीच आहे.

‘‘काय रे पोरा, तो खांद्यावर टॉवेल टाकून बसलाय तो कोण?’’

‘‘राखीव खेळाडू आहे काका. यंदाच आलाय. वीस वर्षांचा असेल.’’

‘‘खेळतो कधी?’’

‘‘क्वचित. पण पगार वर्षाला अकरा लाख डॉलरच्या वर. तिथला तो कमीत कमी आहे.’’

काकांनी मनात गुणाकार केला. नऊ-दहा कोटी रुपये! ‘‘छत्तीस वर्षं गाडीच्या शेवटच्या डब्यात उभा राहिलो, तो सगळा पगार एकत्र केला तरी एवढा भरायचा नाही. आणि हा बसून घेतो!’’ रनिंग रूम हसली. पोरगाही हसला.

बंधू-भगिनींनो, आम्हीही हसलो. पण पुढच्या गाडीत बसल्यावर ते हसणे आम्हाला बोचू लागले. ‘बसून पगार घेतो’ हे वाक्य आम्ही आयुष्यभर ऐकत आलो आहोत, आणि ते बहुतेक वेळा टेबलाच्या पलीकडच्या बाजूने ऐकले आहे. रजा राखीव पदे गोठवायची असोत, रेस्ट गिव्हर कमी करायचे असोत, पोस्टात लीव्ह रिझर्व्हची जागा भरायची टाळाटाळ असो, सुरुवात ह्याच वाक्याने होते. म्हणून ह्या अमेरिकन पोराचा हिशेब नीट मांडावा असे वाटले. आमचे मत आधीच सांगून टाकतो: त्याचा पगार त्याला मिळालाच पाहिजे.

आधी खेळाचे गणित पाहू. एन.बी.ए. ह्या अमेरिकन व्यावसायिक स्पर्धेत सामना ४८ मिनिटांचा असतो आणि एका वेळी मैदानात पाच जण असतात, म्हणजे वाटून द्यायची मिनिटे झाली २४०. संघाच्या पटावर नेहमीच्या कराराचे १५ खेळाडू असतात. पहिल्या पाचांनी प्रत्येकी ३५ मिनिटे खेळून काढली तर १७५ संपली. उरलेल्या ६५ मिनिटांत दहा माणसे! त्यातही ज्यांच्यावर प्रशिक्षकाचा भरवसा बसलेला असतो ते तीन-चार जण बहुतेक मिनिटे घेऊन जातात. शेवटच्या खुर्चीवरच्या पोराला मिळतात ती सामन्याचा निकाल लागून गेल्यानंतरची दोन-चार मिनिटे. आणि असे सामने हंगामात ८२. साधारण सहा महिने तो प्रवास करतो, सराव करतो, बड्या खेळाडूंच्या सरावासाठी उद्याच्या प्रतिस्पर्ध्याची भूमिका करतो, अंग गरम करून येतो आणि बसतो.

आता जेरेमी लिनची गोष्ट ऐका. हा हार्वर्ड विद्यापीठात शिकलेला, तैवानी आई-बापांचा मुलगा. २०१० साली नव्या खेळाडूंची निवड झाली तेव्हा एकाही संघाने त्याला घेतले नाही. नंतर गोल्डन स्टेट संघाने करार दिला आणि डिसेंबर २०११ मध्ये काढून टाकले. ह्यूस्टनने उचलले, दोन आठवडेही ठेवले नाही, नाताळच्या आदल्या दिवशी काढले. मग न्यूयॉर्कने घेतले, कारण त्यांचे खेळाडू जखमी होते. पगार त्या वर्षाचा सुमारे ७ लाख ६२ हजार डॉलर, पण तो पक्का नव्हता. १० फेब्रुवारी २०१२ पर्यंत संघाने काढून टाकले असते तर उरलेली रक्कम बुडाली असती. अशा माणसाने न्यूयॉर्कसारख्या शहरात घर भाड्याने घ्यायचे तरी कसे? तो भावाकडे सोफ्यावर झोपत असे. आपल्यात जे कंत्राटावर आहेत त्यांना हे जास्त समजावून सांगायला नको.

त्या तारखेच्या सहा दिवस आधी, ४ फेब्रुवारीला, प्रशिक्षकाने नाइलाजाने त्याला बाकावरून उठवले. संघ तेरापैकी अकरा सामने हरला होता. लिनने त्या रात्री २५ गुण केले आणि सामना जिंकून दिला. पुढचा सामना जिंकला, त्याच्या पुढचाही. १० तारखेला, म्हणजे ज्या दिवशी त्याचा पगार पक्का व्हायचा त्याच दिवशी, त्याने लॉस एंजेलिसच्या बलाढ्य संघाविरुद्ध ३८ गुण केले. संघाने ओळीने सात सामने जिंकले. न्यूयॉर्कमध्ये संघमालकाची वाहिनी आणि एक मोठी केबल कंपनी ह्यांचे पैशांवरून भांडण होऊन जानेवारीपासून लाखो घरांत सामने दिसत नव्हते, ते भांडण १७ फेब्रुवारीला मिटले. लोकांना हा पोरगा बघायचा होता, दोन्ही कंपन्यांना अडून राहणे परवडेना.

आता आम्ही विचारतो, ३ फेब्रुवारीला त्याचा पगार कशाचा होता? बसण्याचा? आणि ४ तारखेपासून तो कामाचा झाला? माणूस तोच, अंगातले कसब तेच. ४ तारखेला ते कसब दिसले एवढेच. मिळवले होते त्याने आधीच्या वर्षांत, कोणी बघत नसताना.

आपल्याकडे मोठ्या डेपोच्या सायडिंगला अपघात मदत गाडी उभी असते. तिचे डबे पुसलेले असतात, जॅक, दोर, दिवे जागच्या जागी असतात आणि तिची माणसे नेमलेली असतात. महिनोन् महिने ती हलत नाही, आणि हलू नये अशीच प्रत्येकाची प्रार्थना असते. भोंगा वाजला की मात्र मिनिटे मोजली जातात. त्या गाडीवरच्या फिटरला ‘तू ह्या महिन्यात काय केलेस’ असे कोणी शहाण्याने विचारल्याचे आम्हाला माहीत नाही. पण तेच लीव्ह रिझर्व्हच्या पोस्टमनला विचारले जाते. बीटवरचा माणूस आजारी पडला म्हणजे दोन बीट एकाच पोस्टमनच्या गळ्यात पडतात, तेव्हा कुठे समजते की राखीव माणूस म्हणजे दुसऱ्याची रजा. तो नसेल तर रजेचा अर्ज केवळ कागद आहे.

कोणी म्हणेल, लिन लाखांत एक. बाकीचे बसतात ते बसतातच. बरोबर आहे. म्हणून उलटे उदाहरणही घेऊ. सर्बियाचा डार्को मिलिचिच हा १८ वर्षांचा उंच पोरगा २००३ साली डेट्रॉइट संघाने निवडीत दुसऱ्या क्रमांकावर घेतला. त्याच्यामागून तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या क्रमांकावर जे गेले, कार्मेलो अँथनी, ख्रिस बॉश, ड्वेन वेड, ते तिघे पुढे फार मोठे खेळाडू झाले. डार्को पहिल्या हंगामात ३४ सामने खेळला, सरासरी पाच मिनिटेसुद्धा नाही. संघाने २००४ चे विजेतेपद मिळवले आणि हा बाकावर. त्याला आजही ‘वाया गेलेला पगार’ म्हणून नावाजतात. तो खेळ सोडून गावी गेला आणि फळबागा करू लागला, ते बरेच केले म्हणायचे.

पण दोष कोणाचा? त्याला निवडले व्यवस्थापनाने. बसवले प्रशिक्षकाने. अठरा वर्षांच्या, इंग्रजी धड न येणाऱ्या पोराला शिकवायचे की सडू द्यायचे हे ठरवणारे तेच. पगार त्याने मागून घेतला नव्हता. दुसऱ्या क्रमांकाच्या निवडीला किती द्यायचे ह्याचे कोष्टक आधीच ठरलेले होते. वरच्यांच्या निवडीची चूक खालच्याच्या पगारातून वसूल करायची ही रीत आपल्या ओळखीची आहे.

लिनच्या बाबतीतही पुढे हेच झाले. जुलै २०१२ मध्ये ह्यूस्टनने, म्हणजे ज्यांनी त्याला नाताळात हाकलले होते त्यांनीच, तीन वर्षांना अडीच कोटी डॉलर देऊ केले. न्यूयॉर्कने तेवढे द्यायला नकार दिला, आणि त्याच्याच संघातील काही बड्या खेळाडूंनी ह्या आकड्यावर नाक मुरडले. पहिल्या पाचांत जेमतेम पंचवीस सामने खेळलेल्याला एवढे? खरे सांगायचे तर त्या करारातले तिसरे वर्ष, दीड कोटीच्या जवळचे, त्याच्या खेळाने भरून निघाले नाही. २०१४ मध्ये ह्यूस्टनने त्याला दुसऱ्या संघाकडे पाठवताना आपला निवडीचा एक हक्कही वर दिला, म्हणजे तो पगार डोक्यावरून उतरवण्याची किंमत मोजली. पण तो आकडा त्यांनी स्वतःच कागदावर लिहिला होता, न्यूयॉर्कला तो झेपू नये म्हणून मुद्दाम तिसऱ्या वर्षात फुगवून. सौद्यातली चलाखी मालकाची आणि बोल मात्र कामगाराला.

ह्या कोष्टकाची जी गोष्ट आहे ती मात्र आपल्याला, संघटनेच्या माणसांना, खाली मान घालायला लावणारी आहे. १९९४ साली ग्लेन रॉबिन्सन नावाच्या नवख्याला मिलवॉकी संघाने दहा वर्षांचे ६ कोटी ८० लाख डॉलर दिले. एकही सामना न खेळलेल्याला एवढे दिले म्हणून मालक ओरडले आणि जुने खेळाडूही कुरकुरले. १९९५ च्या उन्हाळ्यात टाळेबंदी झाली, आणि सप्टेंबरात जो करार झाला त्यात नवख्यांचे वेतन कोष्टकात बांधले गेले. त्या वर्षी पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेल्या जो स्मिथला तीन वर्षांचे सुमारे ८५ लाख मिळाले. आदल्या वर्षीच्या पहिल्याला वर्षाला ६८ लाख, ह्याला २८ लाख. करारावर मालकांची सही होती तशी संघटनेचीही होती. ज्यांचे वेतन कापले ते त्या खोलीत नव्हते. ते अजून सभासदच झाले नव्हते.

आणि ही काही ऐरीगैरी संघटना नव्हे. १९५४ साली बॉब कूझी ह्या खेळाडूने तिचा पाया घातला. १९६४ च्या जानेवारीत बॉस्टनला निवडक खेळाडूंचा वार्षिक सामना दूरदर्शनवरून देशभर दाखवायचा होता. सामन्याच्या तोंडावर हे तारे कपडे बदलायच्या खोलीत दार लावून बसले: पेन्शनचे वचन द्या, नाहीतर आम्ही बाहेर येत नाही. वचन मिळाले, मगच खेळले. बिल रसेल, ऑस्कर रॉबर्टसन ह्या माणसांना स्वतःच्या पोटाची चिंता तेव्हा कमीच होती. ती लढत बाकावरच्या माणसासाठीसुद्धा होती. त्याच संघटनेने एकतीस वर्षांनी नवख्यांचा सौदा केला.

आम्ही बोट दाखवत नाही, कारण आमचीही चार बोटे आमच्याकडेच वळतात. १ जानेवारी २००४ पासून केंद्राच्या सेवेत, सैन्यदले सोडून, जे लागले त्यांना हमीचे जुने पेन्शन मिळाले नाही. ज्यांचे गेले त्यांतले बरेच जण तेव्हा शाळेत होते. आपण आंदोलने केली, पुढेही केली, हे खरेच. पण आपले पेन्शन शाबूत राहिले म्हणून आवाज थोडा खालच्या पट्टीत लागला की नाही, हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे. एप्रिल २०२५ पासून युनिफाइड पेन्शन स्कीमचा पर्याय आला, तोही वर्गणी कापून घेणारा आहे.

राहिला आकड्याचा प्रश्न. गार्डकाकांचा संताप आम्हाला कळतो. गँगमन उन्हात बॅलास्ट ओढतो, त्याच्या आयुष्यभराच्या कमाईपेक्षा वीस वर्षांच्या पोराची एका वर्षाची कमाई जास्त, हे जगातले न्याय्य चित्र नाहीच. पण त्या पोराने घेतले नाहीत तर ते पैसे गँगमनकडे येणार आहेत काय? एन.बी.ए.ने २०२४ मध्ये दूरचित्रवाणीच्या हक्कांचे जे करार केले ते अकरा वर्षांचे आणि सुमारे ७६०० कोटी डॉलरचे. २०११ च्या टाळेबंदीआधी उत्पन्नाचा ५७ टक्के वाटा खेळाडूंकडे जात असे, नंतर तो पन्नासच्या आसपास आला. सुटलेले सात टक्के ना तिकीट स्वस्त करायला गेले, ना स्टेडियम झाडणाऱ्याच्या पगारात.

आणि त्या शेवटच्या खुर्चीच्या मागेही एक रांग आहे. एन.बी.ए.चीच खालची स्पर्धा आहे, तिला आता जी लीग म्हणतात. २०१८-१९ मध्ये वर नवख्याचे किमान वेतन ८ लाख ३८ हजार डॉलर होते, आणि खाली हंगामाचे ३५ हजार. जवळजवळ चोवीस पट. पंजाबचा सतनाम सिंग भमरा २०१५ साली डॅलसने निवडला, निवड झालेला पहिला भारतीय, पण वरच्या स्पर्धेत एकही सामना न मिळता त्याने ह्या खालच्या स्पर्धेतच दिवस काढले. ह्या मंडळींना अनेक वर्षे संघटना नव्हती. २०२० मध्ये वरच्यांच्याच संघटनेने त्यांच्यासाठी वेगळी संघटना उभी करायला हात दिला. उशीर झाला, पण केले.

लिन २०१९ मध्ये टोरांटो संघाबरोबर विजेता झाला. अंतिम फेरीच्या सहा सामन्यांत तो एकदाच, जेमतेम मिनिटभर मैदानात उतरला. विजेत्याची अंगठी त्यालाही मिळाली.

इटारसीच्या त्या पोराला तेवढ्यात कॉल आला. तो सकाळपासून स्पेअर होता. दुसऱ्या एकाला ताप भरला म्हणून मालगाडीवर ह्याला जावे लागले. गार्डकाकांनी त्याचा अर्धा चहा आपल्या ग्लासात ओतून घेतला आणि म्हणाले, ‘‘जा बाळा, सांभाळून.’’

पुढील मंडल बैठकीपूर्वी प्रत्येक शाखेने आपापल्या डेपोतील, कार्यालयातील रजा राखीव व रेस्ट गिव्हर पदांची मंजूर संख्या, प्रत्यक्ष भरलेली संख्या आणि गेल्या वर्षभरात नाकारलेल्या रजेचे अर्ज, ही तीन आकड्यांची यादी लेखी पाठवावी. तोंडी आकडे बैठकीत चालत नाहीत.