कूसकूस, दलिया आणि रात्रीचं जेवण

रात्रीच्या स्वयंपाकाचा खरा प्रश्न ‘काय करू?’ हा नसतोच. तो असतो ‘कितीदा करू?’ हा. आमच्या खोडदकडच्या बायकांना हे वेगळं सांगायला नको. शेतीपंपाची वीज पाळीने कधी दिवसा येते, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की घरचा पुरुष पाणी धरायला लवकर जेवून जातो, नाहीतर उशिरा परत येऊन ताटावर बसतो. मुलांना साडेसातलाच भूक. म्हातारी माणसं दिवेलागणीला खाऊन मोकळी. बिबट्याच्या धास्तीने गोठ्याची कामं अंधार पडायच्या आत उरकायची, ती वेगळीच. म्हणजे भाकरीचा तवा तीनदा तापतो आणि सगळ्यांत शेवटची, गार झालेली भाकरी बाईच्या वाट्याला येते. तुम्ही नारायणगावला, जुन्नरला किंवा मंचरला राहत असाल, तर पाणी धरणं नसेल. पण मुलांची शिकवणी आणि ह्यांची शेवटची एस.टी. आहेच की!

अशा घरासाठी, एकदाच शिजवून झाकून ठेवावं आणि ज्याने त्याने आपल्या वेळेला वाढून घ्यावं, असं काहीतरी हवं. उत्तर आफ्रिकेतल्या बायकांनी ते फार पूर्वी शोधून काढलं. त्याचं नाव कूसकूस.

नावाने बिचकू नका. कूसकूस म्हणजे गव्हाच्या रव्याच्या बारीक, मोहरीएवढ्या गोळ्या. परातीत रवा घ्यायचा, पाण्याचा हबका मारायचा, वरून थोडं पीठ भुरभुरायचं आणि उघड्या तळव्याने गोल गोल फिरवत राहायचं. मग चाळायचं आणि वाफवायचं. वाचताना तुम्हाला आपले गव्हले आठवले ना? लग्नघरात खिरीसाठी बायका जमून वळतात, तेच! फरक एवढाच, की आपण तो प्रकार गोडाच्या जेवणासाठी राखून ठेवला आणि त्यांनी तो रोजच्या ताटात आणला. मोरोक्कोत तर शुक्रवारचं जेवण म्हणजे कूसकूसच. २०२० साली अल्जिरिया, मॉरिटानिया, मोरोक्को आणि ट्युनिशिया या चार देशांनी मिळून युनेस्कोच्या वारसा यादीत त्याची नोंद करून घेतली. अल्जिरिया आणि मोरोक्को यांचं एरवी फारसं पटत नाही, पण परातीपुढे पटलं!

पुण्यामुंबईच्या मोठ्या दुकानांत मिळणारं पाकिटातलं कूसकूस आधीच वाफवून वाळवलेलं असतं. म्हणून त्याला शिजवणं असं नाहीच. एक वाटी कूसकूस, चमचाभर तेल, चवीला मीठ, वर सव्वा वाटी अगदी उकळतं पाणी. पाच मिनिटं घट्ट झाकायचं आणि काट्याने मोकळं करायचं. झालं. मायक्रोवेव्हचीही गरज नाही. (मायक्रोवेव्हवरून आठवलं. आमच्या खोडदच्या परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. तशाच एका दुर्बिणीवर, ऑस्ट्रेलियात पार्क्स इथे, वर्षानुवर्षं गूढ संदेश उमटत होते. २०१५ साली उलगडा झाला. तिथल्याच मायक्रोवेव्हचं दार कुणीतरी तो बंद व्हायच्या आत उघडत होतं!)

पण मी स्पष्टच सांगते, महागाचं पाकीट आणायलाच हवं असं मुळीच नाही. आपला लापशीचा दलिया हेच काम करतो, स्वस्त पडतो आणि वर कोंडाही पोटात जातो. कूसकूस रव्याचं, त्यात कोंडा नावालाच. घरात कुणाला मधुमेह असेल तर ‘परदेशी म्हणजे पथ्याचं’ असं समजू नका. दलियाच घ्या, आणि तोही डाळ-उसळीच्या जोडीने, बेताने. गहू सोसत नसेल त्यांनी मात्र दोन्हींपासून लांब राहावं.

दलिया मोकळा कसा करायचा ते सांगते, कारण बहुतेकींचा तो चिकट होतो. एक वाटी मध्यम दलिया चमचाभर तेलावर खमंग वास सुटेपर्यंत भाजा. दोन वाट्या उकळतं पाणी आणि मीठ घालून, झाकण ठेवून अगदी मंद आचेवर बारा-पंधरा मिनिटं ठेवा. मध्ये ढवळायचं नाही! गॅस बंद करून पाच मिनिटं तसाच राहू द्या, मग परातीत पसरून काट्याने हलवा.

याच्यावर ओतायला रस्सा हवा. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो उतरला की तो करावाच. सकाळी मूठ-दोन मुठी काबुली चणे भिजत घाला, संध्याकाळी कुकरला लावा. कांदा-लसूण परतून चार-पाच टोमॅटो, गाजर, लाल भोपळा आणि दुधी यांच्या मोठ्या फोडी, हळद, जिरेपूड, थोडी दालचिनी घाला. त्यांच्याकडे असंच असतं. आमच्याकडे मात्र काळ्या मसाल्याशिवाय कुणाचा घास उतरत नाही, तेव्हा एक चमचा तो. चणे पाण्यासकट ओता आणि रस्सा पातळसरच ठेवा, दाणे तो पिऊन घेतात. उशिरा येणाऱ्याने रस्सा तेवढा गरम करायचा. मोठी मुलं आणि पुरुषसुद्धा हे करू शकतात, बरं का! आणि तुम्ही? तुम्ही मुलांबरोबर साडेसातला गरम गरम जेवायला बसायचं.

आता सासूबाईंचा प्रश्न. ‘भाकरी नाही म्हणजे जेवण नाही,’ हे आमच्याही घरी ऐकलंय. भाकरी थापली नाही म्हणजे बाईने काम टाळलं, असा त्यात एक सूर असतो. मी वाद घातला नाही. परातीत रवा घेऊन त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, ‘आई, तुमच्यासारखे गव्हले मला वळता येत नाहीत, हे तेवढं वळून द्या.’ वळलेलं आवडलं की नाही ते त्या बोलल्या नाहीत, पण पुढच्या आठवड्यात ‘ते पुन्हा कधी करायचं?’ असं विचारलं.

घरी करायचं तर दोन वाट्या जाड बन्सी रवा घ्या. बन्सी हा ड्युरम जातीचा गहू आणि कूसकूसही ड्युरमचंच. मिठाच्या पाण्याचा हबका तीन-चार वेळा, वर दोन-तीन चमचे कणीक, आणि हलक्या हाताने वळायचं. चाळून खाली पडेल ते पुन्हा वळा. मोदकपात्रात ओलं फडकं घालून पंधरा मिनिटं वाफवा, परातीत काढून गाठी मोडा, तेलाचा हात आणि पाण्याचा हबका लावून पुन्हा वाफवा. लगेच खायचं तर तिसरी वाफ द्या. साठवायचं तर एका वाफेनंतर, कुरडया-शेवयांबरोबर कडक उन्हात खडखडीत वाळवा.

उरलंच तर दुसऱ्या दिवशी त्यात ज्वारीचं पीठ, कांदा, कोथिंबीर घालून थालीपिठं लावा. दाण्यांत मीठ आधीच असतं, तेव्हा हात आखडता ठेवा.