विज्ञानाची गंमत : टोकाच्या घरची शेगडी

मुलांनो, एक गोष्ट पाहिलीत का? डीपीजवळच्या घरातला पंखा भन्नाट फिरतो आणि पाड्याच्या टोकाच्या घरातला मात्र रेंगाळतो. तिथं विजेच्या शेगडीवर चहाही लवकर उकळत नाही. मोठी माणसं म्हणतात, "व्होल्टेजच नाही!" म्हणजे नेमकं काय? हे कोडं नुसत्या गुणाकार-भागाकारानं सुटतं, बरं का!

विजेला ढकलणारा जोर म्हणजे विभवांतर, ते व्होल्टमध्ये मोजतात. वाहणारी वीज म्हणजे विद्युतधारा, ती अँपिअरमध्ये. आणि तारेची आडकाठी म्हणजे रोध, तो ओहममध्ये. ओहम हे जर्मनीतले एक शिक्षक. त्यांनी आपला नियम १८२७ साली पुस्तकात मांडला. आपण दोन सूत्रं पाठ करू :

रोध = व्होल्ट ÷ अँपिअर
शक्ती (वॅट) = व्होल्ट × अँपिअर

आता शेगडी घेऊ. तिच्यावर '२३० व्होल्ट, १००० वॅट' असं लिहिलंय. १००० ला २३० नं भागा. धारा आली सुमारे ४.३५ अँपिअर. २३० ला ४.३५ नं भागा. रोध आला सुमारे ५३ ओहम.

मग टोकाच्या घरी काय होतं? डीपीपासून तिथवरच्या लांब तारेलाही रोध असतो. समजा तो २ ओहम आहे आणि तारेतून सगळ्यांची मिळून २० अँपिअर धारा वाहतेय. २ × २० = ४० व्होल्ट वाटेतच खर्च झाले! घरी पोचले १९०. शेगडीचा रोध तोच, ५३. म्हणून धारा साधारण ३.६ अँपिअर आणि शक्ती अवघी ६८० वॅटच्या आसपास. तासाभराचं काम जवळजवळ दीड तासावर गेलं!

वाटेत हरवलेल्या विजेचं काय होतं? तिनं तार तापते. ही उष्णता धारेच्या वर्गाच्या पटीत वाढते. धारा दुप्पट, तर उष्णता चौपट! म्हणून पालकांनो, शेगडीला बारीक, जोड दिलेली वायर लावू नका. आग लागायला तेवढं पुरतं.

आपल्या खांडबारा स्टेशनावरून जाणाऱ्या सुरत-भुसावळ मार्गाच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात. इतके कशाला? समजा इंजिनाला ४५ लाख वॅट हवेत. २५,००० व्होल्टला १८० अँपिअर पुरतात. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ ला देशातली पहिली विजेची गाडी धावली, ती १,५०० व्होल्टवर. तेवढ्या व्होल्टवर हेच इंजिन चालवायचं तर ३,००० अँपिअर लागतील! तार तेवढ्याच रोधाची असेल तर उष्णता पावणेतीनशे पटींहून जास्त. म्हणून आता मुंबईतही २५,००० व्होल्टच आहेत.

पण मित्रांनो, या तारेला हात लागायचीही गरज नसते. नुसतं जवळ गेलं तरी वीज झेप घेते. म्हणून उभ्या मालडब्यावर कधीही चढायचं नाही, तारेजवळ काठी किंवा पतंगाचा दोरा न्यायचा नाही.

आता तुमची पाळी! इस्त्रीवर '२३० व्होल्ट, ७५० वॅट' लिहिलंय. तिची धारा किती? रोध किती? वहीत सोडवा आणि घरच्यांनाही समजावून सांगा. उत्तर पुढच्या अंकात!