बॅटलस्टार गॅलॅक्टिका: शेवट गंडला, पण देवामुळे नाही

आधीच सांगून ठेवतो, पुढे भरपूर रसभंग आहे. मालिका २००९ मध्येच संपली, त्यामुळे मला फारसं पाप लागणार नाही. ज्यांना बघायचीच आहे त्यांनी इथेच थांबावं, चारही सीझन संपवावेत आणि मग भांडायला यावं.

मालिका लागत होती तेव्हा मी शाळेत होतो. बघितली अलीकडे, रात्री जागून. आणि कोणाही चाहत्याला विचारा, एकच तक्रार ऐकू येते: "शेवटी सगळं देवावर ढकललं राव!" स्टारबक मेली, परत आली, आणि शेवटच्या भागात बोलता बोलता हवेत विरून गेली. स्पष्टीकरण? काही नाही. देवाची करणी.

मला ही तक्रार पटत नाही. देव, भविष्यवाण्या, पोथ्या हे सगळं पहिल्या सीझनपासून होतं. आपणच ते नजरेआड करून अंतराळयानं बघत बसलो. शेवट गंडलाय हे खरं, पण तो दुसऱ्याच जागी गंडलाय, आणि त्या जागेबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

आधी जे आवडलं ते. गॅलॅक्टिका ही जुनाट युद्धनौका. तिचं म्युझियम करायचं ठरलंय. कमांडर अडामा हट्टी माणूस, नौकेवरचे कॉम्प्युटर एकमेकांना जोडू देत नाही. मग सायलॉन हल्ला करतात. नव्या चकाचक नौकांच्या नॅव्हिगेशन प्रोग्राममध्ये त्यांनी बॅकडोर ठेवलेला असतो, त्यामुळे त्या जागच्या जागी बंद पडतात. वाचतं ते म्हातारं धूड. आपल्या धंद्यातल्या माणसाला हे बघून गुदगुल्या होतात. प्रत्येक ऑफिसात असा एक सर्व्हर असतोच, ज्याला सगळे हसतात आणि ज्याला हात लावायची कोणाची टाप नसते :-)

मग येतो '३३' नावाचा भाग. दर ३३ मिनिटांनी हल्ला, पाच दिवस कोणाला झोप नाही. रिलीजच्या आठवड्याची आठवण यावी अशी तोंडं. राष्ट्राध्यक्ष लॉरा रोझलिन मुळात शिक्षणमंत्री. वरचे बेचाळीस जण मेले किंवा बेपत्ता झाले म्हणून खुर्ची तिच्याकडे आली. तिच्यामागे एक पांढरा फळा आहे, त्यावर जिवंत माणसांचा आकडा. भागभर तो खाली जातो. शेवटी एका जहाजावर बाळ जन्मतं, आणि ती पुसून एकने वाढवून लिहिते: ४७,९७३.

माझ्या मते अख्खी मालिका त्या फळ्यात आहे. माणसं मोजायची, आणि त्यांच्याबद्दल निर्णय घेतला की त्याचा जाबही द्यायचा. हीच रोझलिन पुढे तो आकडा वाढावा म्हणून गर्भपातावर बंदी घालते आणि ते तिला स्वतःलाच पचत नाही. निवडणूक हरायची वेळ येते तेव्हा तिची माणसं मतं फिरवतात, आणि अडामा तिला मागे घ्यायला लावतो. इंधन शुद्ध करणाऱ्या जहाजावरचे कामगार संप करतात, तेव्हा आधी बंदुकीचा धाक दाखवला जातो, मग युनियन मान्य करावी लागते. साऱ्या जगाचा ज्याच्यावर राग आहे त्या बाल्टरवरसुद्धा रीतसर खटला चालतो आणि तो तीन विरुद्ध दोन मतांनी सुटतो. कुठलाच निर्णय फुकटात होत नाही. म्हणून तर आपण बघत राहतो.

आणि मग शेवट. पृथ्वी सापडते, दीड लाख वर्षांपूर्वीची. हिरवंगार गवत, दूरवर भाले घेतलेली माणसं. ली अडामाला वाटतं की आपण यंत्रांमुळेच बरबाद झालो, तेव्हा या वेळी शहर नको, जहाजं नकोत, तंत्रज्ञान नको. सगळा ताफा सूर्यात सोडून देतात. थोडीफार शिधासामग्री घेऊन माणसं जगभर पांगतात.

मतदान? नाही. वाद? नाही. लोक चटकन तयार झाले, एवढं आपल्याला ओझरतं सांगितलं जातं.

आता गंमत बघा. या शेवटाच्या जेमतेम सहा-सात आठवडे आधीच्या भागांत याच ताफ्यात बंड झालं होतं. कारण काय, तर सायलॉनांचं जंप ड्राइव्ह आमच्या जहाजांवर बसवू देणार नाही! त्यावरून गोळ्या चालल्या, प्रतिनिधींची कत्तल झाली, बंडाच्या म्होरक्यांना गोळ्या घातल्या. एका ड्राइव्हसाठी जीव देणारे-घेणारे हे लोक अख्खी जहाजंच मुकाट सूर्यात सोडतात? दवाखान्यासकट? ताफ्यात एकही गरोदर बाई नव्हती? इन्सुलिन लागणारा एकही म्हातारा नव्हता? त्या दिवशी फळ्यापाशी कोणीच गेलं नाही.

हे मला एवढं का झोंबतं? कारण हे स्वप्न आपल्या ओळखीचं आहे. शनिवारी मुळशीच्या रस्त्याला लागलं की आपल्यापैकी निम्म्यांच्या तोंडी तेच असतं: सोडू नोकरी, घेऊ दोन एकर, नको तो लॅपटॉप. माझ्या आजीने तसलं 'निसर्गाच्या सान्निध्यातलं' आयुष्य काढलं. आठ बाळंतपणं झाली, पाच मुलं जगली. तिला विहिरीच्या पाण्याची गोडी विचारली की ती गावात नर्सबाई कधी आल्या ते सांगायची.

ऑफिसातही याचंच दुसरं रूप दिसतं. नवीन मॅनेजर येतो, जुना कोड बघून नाक मुरडतो: सगळं पुसा, पहिल्यापासून लिहू. पण त्या जुन्या कोडमधली प्रत्येक विचित्र ओळ कोणाच्या तरी रात्री तीनच्या फोनमुळे आलेली असते. ती पुसली की तो फोन पुन्हा येतो.

या लोकांनी नेमकं तेच केलं. शेती येऊन दहा-बारा हजार वर्षं झाली, लिहिणं येऊन जेमतेम पाच हजार. म्हणजे मालिकेच्याच हिशोबाने, जंतू म्हणजे काय हे ठाऊक असलेल्या माणसांनी ते ज्ञान असं विरू दिलं की पुढची लाखभर वर्षं बायका-पोरं मरत राहिली. आणि साधलं काय? शेवटचं दृश्य आजच्या न्यूयॉर्कचं, दुकानाच्या काचेत नाचणारे रोबो. चक्र पुन्हा सुरू होण्याच्या बेतात! साहजिक आहे. सिस्टिम कोसळली की आपण काय झालं ते लिहून ठेवतो, कारण पुढच्याने तोच खड्डा चुकवावा. यांनी खड्डा तसाच ठेवला आणि पाटी तेवढी उपटली.

"अहो, ते रूपक आहे," असं म्हणणारे भेटतात. असेल. पण ज्या मालिकेने ७० हून जास्त भाग रूपकाआड न लपता माणशी हिशोब दिला, तिला शेवटच्या तासात ही सवलत का द्यायची?

असो. मालिका जरूर बघा. एवढं भांडण लावणाऱ्या मालिका रोज होत नाहीत. फक्त शेवटी तो सुंदर सूर्यास्त येईल, पार्श्वसंगीताने गळा दाटून येईल, तेव्हा स्वतःला एक प्रश्न विचारा: पहिल्या हिवाळ्यानंतर फळ्यावर आकडा किती असता?