पाकशाळा : एक सार, दोन पातेलीं

दीर्घ ज्वरांतून उठलेल्या दिरास डॉक्टरांनीं कोंबडीचें सूप द्यावयास सांगितलें. घरांत सासूबाई शाकाहारी, मुलांस तिखट सोसत नाहीं, आणि स्वयंपाकास मी एकटी. तर मीं किती चुली पेटवाव्या? असें एका वाचक-भगिनीनें आम्हांस विचारलें आहे. प्रश्न साधा दिसतो. परंतु एकत्र कुटुंबांतील कित्येक गृहिणींचे कष्ट त्यांत सामावलेले आहेत. त्याचें उत्तर आम्हांस दूर मेक्सिकोच्या स्वयंपाकघरांत सांपडलें.

तिकडे कोंबडीच्या साराला ‘काल्दो दे पोयो’ म्हणतात. राजधानीच्या दक्षिणेकडील त्लाल्पान या भागाच्या नांवानें प्रसिद्ध असलेलें ‘काल्दो त्लाल्पेन्यो’ हें त्याचेंच एक रूप. त्यांत काबुली चणे व धुरावर वाळविलेली ‘चिपोत्ले’ मिरची असते. मौज ही कीं, मिरची, टोमॅटो व मका हीं मूळचीं तिकडचीं. कोंबडी, चणे, कोथिंबीर व लिंबू हीं मात्र १५१९ सालीं स्पॅनिश लोक तेथें उतरल्यानंतर समुद्रापलीकडून गेलीं. तीच मिरची पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्याकडे आली, आणि आज तिच्यावांचून आपलें पान वाढलें जात नाहीं!

सहा माणसांकरितां एक किलो कोंबडीचे हाडांसह, पण कातडी काढलेले, तुकडे घ्यावे. ते नळाखालीं धुऊं नयेत. शिंतोड्यांनीं रोगजंतु ओट्यावर पसरतात, आणि ते मरतात ते नीट शिजविण्यानेंच. दीड लिटर गार पाण्यांत तुकडे, एक कांदा, लसणीच्या चार पाकळ्या व लहान चमचाभर मीठ घालून मंद आंचेवर ठेवावें. वर येणारा फेंस काढीत जावा. पाऊण तासांत मांस हाडापासून सुटूं लागतें.

दुसऱ्या पातेल्यांत रात्रभर भिजवून मऊ शिजविलेले वाटीभर चणे, दोन गाजरें, दोन बटाटे, कणसाचे तुकडे व लिटरभर पाणी घ्यावें. तीन टोमॅटो तव्यावर भाजून वाटावे, चमचाभर तेलावर परतून त्यांत घालावे, चवीपुरतें मीठ टाकावें व भाज्या शिजूं द्याव्या. सासूबाईंचा वाटा प्रथम बाजूस काढावा. मगच उरलेलें सार कोंबडीच्या पातेल्यांत मिसळून पांच मिनिटें उकळावें.

मिरची मात्र पातेल्यांत नको. चिपोत्ले, आणि ती न मिळाल्यास ब्याडगी, भाजून, भिजवून निराळी वाटावी. चिरलेला कांदा, कोथिंबीर व लिंबाच्या फोडी यांच्यासह ती पानाशेजारीं ठेवावी. ज्यानें त्यानें आपल्या रुचीप्रमाणें घ्यावी. लिंबू शेवटींच पिळावें. उकळण्यानें त्यांतील क जीवनसत्त्व कमी होतें.

दुखणाइताविषयीं एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. नुसतें वरचें पाणी पाजल्यानें अंगांत शक्ति येते, हा समज खरा नव्हे. तें घशास बरें वाटतें, शरीरास पाणी व मीठ मिळतें. परंतु झीज भरून काढणारीं प्रथिनें मुख्यत्वें मांसांत असतात. म्हणून मऊ मांस बारीक करून सारांतच द्यावें. चणे जड वाटल्यास आरंभीं वगळावे. रक्तदाबाचा अगर मूत्रपिंडाचा विकार असल्यास मिठाचें प्रमाण डॉक्टरांस विचारावें. उरलेलें सार दोन तासांच्या आंत शीतकपाटांत ठेवावें. गार झाल्यावर वर गोठलेली चरबी सहज काढतां येते. पुन्हां देतांना तें चांगलें उकळून घ्यावें.

सासूबाईंच्या वाटीला प्रथिनांची उणीव नाहीं. चणे ती भरून काढतात. कोणाचा नेम मोडावा लागला नाहीं, कोणाचें पथ्य चुकलें नाहीं. आमची त्या भगिनीच्या घरच्या मंडळींस एवढीच विनंति आहे कीं, दोन पातेलीं तिनें चढविलीं, तर कांदा चिरण्यास व पानें वाढण्यास दुसऱ्या कोणीं तरी उठावें. दुखणाइताची शुश्रूषा साऱ्या घराची आहे. एका सुनेची नव्हे.