ऊन एक, धोके दोन: पाळणाघरातली टोपी आणि अंगणवाडीचं पत्र्याचं छत

ऑगस्टच्या मध्यात मेलबर्नमध्ये हिवाळा असतो. पारा 15 अंशांच्या आसपास आणि मुलांच्या अंगात जाड जॅकेट. तरीही तिथल्या अनेक पाळणाघरांमध्ये याच सुमाराला मुलांच्या डोक्यावर रुंद कडेची टोपी येते, ती एप्रिल संपेपर्यंत. टोपी आणली नसेल तर मैदानात पळायचं नाही, सावलीत खेळायचं. नुकत्याच तिकडे गेलेल्या मराठी आईबाबांना हे हमखास चक्रावून टाकतं. एवढ्या थंडीत ऊन कसलं लागणार?

गोंधळाचं मूळ 'ऊन' या शब्दातच आहे. मराठीत 'ऊन लागलं' म्हणजे उष्माघात झाला. ऑस्ट्रेलियात भीती वेगळ्याच गोष्टीची आहे, ती म्हणजे सूर्याच्या अतिनील किरणांची. ही किरणं डोळ्यांना दिसत नाहीत आणि त्वचेला गरमही लागत नाहीत. त्यामुळे तापमान बघून त्यांचा अंदाज येत नाही. त्यांच्यासाठी 'यूव्ही इंडेक्स' हा वेगळा आकडा असतो. तो 3 किंवा त्याहून जास्त झाला की टोपी, खांदे झाकणारे कपडे, सावली आणि सनस्क्रीन हे नियम लागू होतात. एक वर्षाच्या आतल्या बाळांना अशा वेळी थेट उन्हात नेतच नाहीत.

इतकी काळजी कशासाठी?

ऑस्ट्रेलियात दर तीनपैकी जवळपास दोन जणांना आयुष्यात कधी ना कधी त्वचेचा कुठला तरी कर्करोग होतो. गोरी त्वचा आणि कडक अतिनील किरणं हे त्याचं मुख्य कारण. लहानपणी त्वचा भाजली तर पुढे हा धोका वाढतो, म्हणून सुरुवात पाळणाघरापासून. तिथल्या राष्ट्रीय नियमांनुसार प्रत्येक केंद्राकडे उन्हापासून संरक्षणाचं लेखी धोरण असावं लागतं आणि मैदानात पुरेशी सावली असणंही बंधनकारक आहे.

मग सावळ्या मराठी मुलांचं काय? त्वचेतलं मेलॅनिन काही प्रमाणात संरक्षण देतं, पण त्याच मेलॅनिनमुळे ड जीवनसत्त्व तयार व्हायला जास्त ऊन लागतं. 2023 मध्ये तिथल्या तज्ज्ञांनी त्वचेच्या रंगानुसार तीन गट करून वेगवेगळा सल्ला दिला. गडद त्वचेच्या लोकांना रोज सनस्क्रीन लावण्याची सहसा गरज नाही, असं त्यात म्हटलं आहे. पाळणाघराचा नियम मात्र सगळ्यांना सारखा. वीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाचा रंग पाहून सनस्क्रीन वाटत बसणं कुणालाच जमणार नाही, शोभणारही नाही. मूल बराच वेळ झाकलेलं राहत असेल तर ड जीवनसत्त्वाबद्दल डॉक्टरांना विचारणं, हा त्यातला व्यवहार्य मार्ग.

महाराष्ट्रात हेच नियम आणायचे का?

आणून फारसं काही साधणार नाही. अतिनील किरणं इथेही कमी नसतात, उन्हाळ्यातल्या दुपारी यूव्ही इंडेक्स 11 च्या वर जातो. पण इथल्या लहान मुलांच्या जिवाला आधी धोका आहे तो उष्णतेचा. चंद्रपूरला पारा 45 अंशांच्या पुढे जाणं आता बातमीही राहिलेली नाही. लहान मुलाच्या शरीराचा आकार छोटा असल्याने ते मोठ्यांपेक्षा लवकर तापतं, घामही कमी येतो आणि तीन वर्षांचं मूल तहान लागल्याचं वेळेवर सांगेलच असं नाही.

मेलबर्नमध्ये सावलीत गेलं की बराचसा धोका टळतो. पत्र्याच्या छताखाली, पंखा नसलेल्या भाड्याच्या खोलीत भरणाऱ्या अंगणवाडीत सावलीच तापलेली असते. तिथे टोपीचा उपयोग शून्य. छतावर उष्णता परतवणारा पांढरा रंग, पंखा, माठातलं पाणी, ओआरएसची पाकिटं आणि दारात एखादं झाड, ही इथली सनस्क्रीन. तेलंगणाने 2023 मध्ये 'कूल रूफ' धोरण आणून सरकारी इमारतींना अशी छतं सक्तीची केली. मात्र भाड्याच्या खोलीतली अंगणवाडी अशा नियमात बसेलच असं नाही, आणि सर्वात जास्त तापतात त्याच खोल्या.

मग उन्हाळाभर अंगणवाडी बंदच का ठेवू नये? कारण ती शाळा नाही. वर्षातून 300 दिवस पूरक आहार देण्याचा तिचा निकष आहे. 3 ते 6 वर्षांच्या मुलाला रोज किती कॅलरी आणि प्रथिनं मिळावीत, हे अन्न सुरक्षा कायद्यातच लिहिलेलं आहे. दार बंद झालं की हे जेवणही बंद होतं, आणि कुपोषित मुलाला उष्णता आणखी जड जाते. कोरोनाकाळात घरपोच शिधा दिला गेला होता, तसा तो उष्णतेच्या लाटेतही देता येईल. पण घरी आलेला शिधा सगळ्या कुटुंबात वाटला जातो, हे कुठलीही सेविका सांगेल.

त्यामुळे उरतो तो वेळ बदलण्याचा मार्ग: सकाळी लवकर भरवायची, गरम आहार लवकर द्यायचा आणि ऊन चढायच्या आत मुलं घरी. पण इथे एक साधी अडचण आहे. मेलबर्नमधल्या पाळणाघराची प्रमुख सकाळी फोनवर त्या दिवसाचा आकडा बघते आणि मुलांना कधी बाहेर न्यायचं ते ठरवते. अंगणवाडी सेविकेकडेही 'पोषण ट्रॅकर' भरायला फोन आहे. जिल्ह्याला हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट आहे की रेड, हे तिला त्याच फोनवर कळू शकतं. वेळ बदलायचा अधिकार मात्र तिच्याकडे नाही, तो आदेश वरून यावा लागतो. मार्चमध्येच पारा चाळिशीला टेकला आणि पत्रक एप्रिलमध्ये निघालं, तर मधल्या दिवसांत दुपारी बारा वाजता मुलांना पत्र्याखाली बसवायचं की घरी पाठवायचं, याचं लेखी उत्तर तिच्या हातात नसतं.